सहीची बॅट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून दिलं आहे.)



सूत्रसंचालनाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने मला विषय दिला, 'माझा छंद'. माझा छंद तुम्हाला नवा नाही. क्रिकेट खेळणाऱ्यांच्या सह्या गोळा करणं. घरी याला छंद म्हणत नाहीत, खूळ म्हणतात. चार वह्या भरल्या आहेत, पाचवी चालू आहे. त्यात ज्यांची नावं पेपरात रोज येतात असे थोडे आहेत आणि ज्यांची नावं माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नसतील असे पुष्कळ आहेत.

पण मी नुसता छंद सांगायला उभा राहिलेलो नाही. मेळाव्याच्या समितीत गेला महिनाभर एक वाद चालू आहे, तो तुम्हाला ग्रुपवर अर्धामुर्धा कळलाच असेल. वर्गणीतून खर्च जाऊन पैसे उरणार आहेत आणि त्यातून शाळेला भेट द्यायची आहे. एक सूचना अशी आली की एखाद्या मोठ्या खेळाडूची सही असलेली बॅट विकत घ्यावी, काचेच्या कपाटात घालून ऑफिसच्या भिंतीला लावावी आणि खाली आपल्या तुकडीचं नाव कोरावं. दुसरी सूचना, मुलांना खेळायचं सामान द्यावं. वाद मिटेना तेव्हा एकजण म्हणाला, "सह्यांचं त्याला विचारा, त्याचं आयुष्य त्यातच गेलंय." सगळ्यांना वाटलं मी बॅटीच्या बाजूने बोलणार. मी तिच्या विरोधात बोलणार आहे. का, ते सांगतो.

बॅटीची सूचना ज्याने केली त्याचं म्हणणं मी आधी मांडतो, कारण ते चुकीचं नाही. तो म्हणतो, पोरं येता-जाता ती बॅट बघतील. आपल्याला शाळेत असताना कोणी मोठा माणूस बघायला मिळाला होता का? एखादी मोठी गोष्ट भिंतीवर असली की नजर वर जाते. खरं आहे. देवघरात तसबीर असते ती याचसाठी. माझा प्रश्न एवढाच आहे की सही म्हणजे नक्की काय मिळतं? ती शाई असते की आणखी काही?

मला पहिली सही मिळाली त्या दिवसाबद्दल बोलतो. २९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. विल्स वर्ल्डकप चालू होता आणि पुण्याला, स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर, वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया असा सामना होता. आपण नववीत होतो. माझे मामा पिंपरीत कंपनीत होते, त्यांना दोन पास मिळाले होते. वडिलांची चिठ्ठी घेऊन मी रजेचा अर्ज दिला. सरांनी तो वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "लारा खेळणार आहे का?" मी हो म्हणालो. अर्ज मंजूर झाला. ते सर आज इथे बसलेत, हसतायत.

तेव्हा पीएमटी वेगळी आणि पीसीएमटी वेगळी. मारुंजीहून निघायचं म्हणजे आधी हिंजवडीपर्यंत चालणं. आयटी पार्क वगैरे काही नव्हतं, दोन्ही बाजूंना शेतं. आम्ही तीन गाड्या बदलून पोचलो. माझ्याकडे चित्रकलेची वही होती आणि खिशात रेनॉल्ड्सचं निळं पेन. लाराची सही घ्यायची, एवढं एकच ठरलेलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. केनिया सर्वबाद १६६. त्यात सगळ्यांत जास्त धावा अवांतर, ३७. लोक म्हणाले, चला, संध्याकाळच्या आधी घरी. मग वेस्ट इंडिज खेळायला आलं आणि ९३ धावांत संपलं. लारा ८ धावांवर रजब अलीच्या चेंडूवर यष्टीमागे झेल देऊन गेला. मॉरिस ओदुम्बेने दहा षटकांत १५ धावा देऊन तीन बळी घेतले. ज्या संघाचा तो पहिलाच वर्ल्डकप होता त्याने दोनदा वर्ल्डकप जिंकलेल्या संघाला ७३ धावांनी हरवलं. आपल्या पुण्यात.

सामना संपल्यावर बाहेर जाळीपाशी गर्दी उसळली. सकाळी ज्या केनियाच्या खेळाडूंकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं त्यांच्या नावाने आता लोक ओरडत होते. नावं मात्र कुणालाच येत नव्हती, म्हणून सगळे नुसतं "केनिया, केनिया" ओरडत होते. मी मामांच्या हाताखालून पुढे सरकलो आणि वही जाळीच्या फटीतून आत धरली. एक खेळाडू थांबला. उंच, घामाने डबडबलेला. त्याने वही घेतली आणि मला काहीतरी विचारलं. मला इंग्रजी तेवढं कळत नव्हतं. मामा म्हणाले, "तुझं नाव विचारतोय." मी नाव सांगितलं. त्याला ते नीट म्हणता आलं नाही, म्हणून त्याने परत विचारलं. मग त्याने माझं नाव लिहिलं, स्पेलिंग चुकीचं, आणि खाली सही केली.

ती कुणाची सही आहे हे आजवर लागलेलं नाही. तो त्या दिवशी अकरात होता की राखीव होता, तेही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी वही शाळेत आणली आणि इंग्रजीच्या बाईंना दाखवली. बाईंनी ती खिडकीशी नेली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "नाव लागत नाही रे. पण लिहिणाऱ्याने घाई केलेली नाही. दाबून, सावकाश लिहिलंय बघ." बाई, तुमच्या लक्षात नसेल. पण सही कशी बघायची हे मला तुम्ही शिकवलंत.

त्याच सामन्याबद्दल ओदुम्बेच्या नावाने एक किस्सा क्रिकेटच्या जगात सांगितला जातो. म्हणे, आधी कधीतरी त्याने लाराकडे सही मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. पुण्यात जिंकल्यावर तो लाराला म्हणाला, तेव्हा मी तुझी सही मागितली होती, आज मी तुला माझी देतो. किस्से सांगताना थोडे फुगतात. पण मला यातली एक गोष्ट पटते. जो सही देतो तोही कधीतरी कुणापुढे वही धरून उभा असतो.

सह्यांच्या इतिहासातली माझी सगळ्यांत आवडती वही मुंबईतल्या एका मुलीची आहे. विजय मर्चंटांची बहीण, लक्ष्मी मर्चंट. १९३३-३४ च्या हंगामात डग्लस जार्डिनच्या कप्तानीखाली इंग्लंडचा, म्हणजे तेव्हाच्या भाषेत एमसीसीचा, संघ भारतात आला. आपल्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना त्याच दौऱ्यात मुंबई जिमखान्यावर झाला, आणि विजय मर्चंट त्यातच पहिली कसोटी खेळले. लक्ष्मीने एका पानावर त्या संघातल्या सोळा जणांच्या सह्या घेतल्या होत्या. पुढे ती हीच वही घेऊन महात्मा गांधींकडे गेली. गांधीजी हरिजन निधीसाठी पाच रुपये घेऊन सही देत, हे आपण इतिहासाच्या तासाला ऐकलेलं आहे. त्यांनी वही चाळली, नेमकं ते इंग्लंडच्या संघाचं पान काढलं आणि सोळा नावांखाली सतरावा क्रमांक टाकून सही केली. रामचंद्र गुहांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात हे लिहिलंय. ज्या राज्याशी लढा चालू होता त्याच्या संघातला सतरावा गडी! अशी गंमत विकत मिळत नाही. एक मुलगी वही घेऊन समोर जाते आणि समोरचा माणूस ती वही खरोखर चाळून बघतो, तेव्हाच ती घडते.

आता सह्या घेण्याची दुसरी बाजू. माणूस खेळाडूच्या जवळ जायला इतका आसुसतो की भान सुटतं. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक चाहता अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बदडलं, ते बघून प्रेक्षक भडकले आणि स्टेडियममध्ये दंगल झाली. आणि आपल्या शेजारी, गहुंज्याला? ऑक्टोबर २०१९, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी. कोहलीने तिथेच नाबाद २५४ केल्या, त्याची कसोटीतली सर्वांत मोठी खेळी. त्याच सामन्यात आफ्रिकेची फलंदाजी चालू असताना एक जण कुंपण ओलांडून आत शिरला आणि रोहित शर्माच्या पायांवर पडला. त्या झटापटीत रोहितचा तोल जाऊन तो खाली पडला. समालोचन करणारे गावसकर संतापले. म्हणाले, सुरक्षारक्षकांचं लक्ष प्रेक्षकांकडे हवं, हे सामना बघत बसतात. मी तेव्हा स्टेडियममध्ये होतो. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. मला नाही वाजवाव्याशा वाटल्या. पाया पडायला गेलेल्या माणसाला रोहितने नाव विचारलं नसणार. विचारायला सवडच ठेवली नव्हती त्याने.

आणि तेच गावसकर! १४ मे २०२३, चेन्नईचं चेपॉक मैदान. कोलकात्याविरुद्धचा सामना चेन्नई हरली होती, पण घरच्या मैदानावरचा साखळीतला शेवटचा सामना म्हणून खेळाडू मैदानाला फेरी मारत होते. त्यात गावसकर पळत पळत धोनीकडे गेले आणि म्हणाले, माझ्या शर्टावर सही कर. वय वर्षं ७३. कसोटीत १०,१२२ धावा आणि ३४ शतकं नावावर. आयुष्यात त्यांनी स्वतः किती सह्या दिल्या असतील त्याची मोजदाद नाही. आणि या माणसाने आधीच कुणाकडून तरी पेन मागून तयार ठेवलं होतं. धोनीने छातीवर सही केली आणि मिठी मारली. मी हा प्रसंग टीव्हीवर बघताना बायकोला हाक मारली आणि म्हटलं, "बघ, हे खूळ फक्त मलाच नाही."

गावसकरांना कुणी अडवलं असतं का? नसतंच. तरी ते थांबले, योग्य वेळ बघितली, पेन बरोबर ठेवलं आणि मागितलं. मागण्यात कमीपणा नसतो. वारकरी माळकऱ्याच्या पाया पडतो आणि माळकरी वारकऱ्याच्या, तसंच आहे ते.

आता थोडं कामाचं सांगतो, म्हणजे ज्यांची मुलं माझ्याकडे "काका, सही कशी मिळवायची?" म्हणून येतात त्यांचंही काम होईल. पहिलं म्हणजे आयपीएलच्या किंवा आंतरराष्ट्रीय सामन्याच्या दिवशी सही मिळेल ही आशा सोडा. हॉटेलच्या दारात उभं राहून रखवालदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो त्याचं काम करतो. रणजीला जा. गहुंज्याला महाराष्ट्राचे रणजी सामने होतात, बहुतेक वेळा तिकीट नसतं आणि प्रेक्षक मोजके असतात. भारतासाठी खेळलेला माणूस तुमच्यापासून पंधरा फुटांवर पाण्याची बाटली घेऊन बसलेला असतो. दुसरं, खेळ सुरू होण्याआधी मागू नका, तेव्हा त्याचं डोकं सामन्यात असतं. दिवसाचा खेळ संपल्यावर मागा. शून्यावर बाद झालेल्याला त्या दिवशी सोडून द्या. तो जेवत असेल, घरच्यांबरोबर असेल तर लांबूनच नमस्कार करा. तिसरं, पेनाचं टोपण आधीच काढून ठेवा. कागदाला साधं बॉलपेन चालतं, बॅटीला पक्क्या शाईचा मार्कर लागतो. लाल चेंडूवर सही नीट उठत नाही, त्यामुळे चेंडूच हवा असेल तर पांढरा न्या. चौथं, त्याच्या खेळातलं काहीतरी खरं बोला. "सर, मोठा फॅन आहे" हे तो दिवसातून शंभरदा ऐकतो. "काल डावखुऱ्याला टाकलेला तो आत येणारा चेंडू फार छान होता" असं म्हणा, तो मान वर करून बघेल. आणि शेवटचं, नाही म्हणाला तर "बरं" म्हणा आणि बाजूला व्हा. सही हा आपला हक्क नाही.

हल्ली सहीची जागा सेल्फीने घेतली आहे, तक्रार नाही. माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये सहा खेळाडू आहेत. पण सेल्फीत दोघंही फोनकडे बघतात आणि दोन सेकंदांत काम आटोपतं. वहीत तसं होत नाही. वही हातात घ्यावी लागते, पान शोधावं लागतं आणि बहुतेक खेळाडू विचारतात, "नाव काय?" माझ्या चार वह्यांमधल्या ज्या सह्या मला प्रिय आहेत त्या सगळ्यांच्या वर माझं किंवा माझ्या मुलीचं नाव लिहिलेलं आहे. बाजारात अशा सहीची किंमत कमी होते म्हणतात, कारण नाव घातलेली वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही. मला तर तिचं मोल त्यामुळेच वाटतं.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर तोही बोलू. सहीची बॅट विकत घ्यायची म्हणजे त्या बाजारात जायचं. प्रमाणपत्र मिळतं, चमचमता स्टिकर मिळतो. पण प्रमाणपत्र देणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार? अमेरिकेत बेसबॉलच्या सह्यांचं वेड आपल्या क्रिकेटपेक्षा जुनं आणि मोठं आहे. तिथली पोरं सामन्याआधी सराव चालू असताना कठड्यावर वाकून चेंडू पुढे करतात. चेंडूच्या दोन शिवणींमधली अरुंद पांढरी जागा सहीसाठी राखून ठेवतात. या प्रेमाचा धंदा झाला आणि धंद्यात खोटेपणा शिरला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली. जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलचा चेंडूसुद्धा निघाला! टोळीने बनवलेला, अर्थातच. विकणारा मिळाला तसा घेणाराही मिळत असणार. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत, खाली दिवा लावून असा चेंडू ठेवलेला असेल आणि घरी येणाऱ्या पाहुण्याला तो कौतुकाने दाखवला जात असेल.

आपण घेऊ ती बॅट खोटी असेल असं मी म्हणत नाही. खरीही असेल. पण खरी असली तरी ती सही मारुंजीच्या शाळेसाठी केलेली नसेल. टेबलावर पन्नास बॅटी रांगेत मांडलेल्या असतात आणि खेळाडू एकामागून एक सह्या करत जातो. त्याने कुणालाच नाव विचारलेलं नसतं. आपण तिच्याखाली आपल्या तुकडीचं नाव कोरणार, म्हणजे ज्याला आपण ठाऊकच नाही त्याच्या शेजारी आपणच आपलं नाव लावणार.

आता एका वेगळ्या बॅटीबद्दल सांगतो. सांगलीची स्मृती मानधना तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचा भाऊही क्रिकेट खेळायचा. त्याची राहुल द्रविडशी भेट झाली तेव्हा त्याने बहिणीसाठी बॅट मागितली. द्रविडने आपली बॅट सही करून तिच्यासाठी दिली. आता द्रविडची बॅट घरात आल्यावर आपण काय करू? शोकेस करू. मानधनांच्या घरीही तोच विचार होता. पण हातात घेऊन बघितल्यावर लक्षात आलं की हिचा तोल फार सुरेख आहे. मग ती बॅट मैदानात गेली. २०१३ साली बडोद्यात, १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात, महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध स्मृतीने त्या बॅटीने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. पुढचं सगळ्या जगाने बघितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या महिलांनी वर्ल्डकप जिंकला तेव्हा ती उपकर्णधार होती.

ती बॅट भिंतीवरच राहिली असती तर स्मृती मानधना घडली नसती असं मी म्हणणार नाही, ती दुसऱ्या बॅटीने खेळली असती. पण द्रविडची सही असलेली बॅट वापरून झिजवायला घरच्यांचं काळीज लागतं. चेंडू लागून सही पुसट होणार हे दिसत असतं. ती पुसट होऊ द्यायची. मला वाटतं द्रविडलाही तेच आवडलं असेल.

आपल्या पट्ट्यातलं उदाहरणही आहे. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड. लहान असताना, २००३ मध्ये, त्याने नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामना बघितला आणि मॅकलमचा खेळ डोक्यात बसला, असं तो सांगतो. मग थेरगावला वेंगसरकरांच्या अकादमीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार, एक नो-बॉल धरून, आणि नाबाद २२०. २०२४ मध्ये धोनीनंतर चेन्नईचा कर्णधार. थेरगाव इथून किती लांब आहे? आपल्या वेळी सही देणारे लोक त्रिनिदादचे नाहीतर मुंबईचे. आजच्या पोरांना सही देणारा माणूस ज्या नाक्यावरून जातो त्याच नाक्यावरून त्यांच्या वडिलांची कंपनीची बस जाते. पण तो पोचला तो सामान, मैदान आणि शिकवणारा मिळाला म्हणून.

आपल्या शाळेची आजची स्थिती मुख्याध्यापकांनी समितीला सांगितली आहे, मी तीच तुमच्यापुढे ठेवतो. भोवती टॉवर उभे राहिलेत. तासावर भाड्याने मिळणारी टर्फची मैदानं झालीत, रात्री बाराला दिवे लावून आयटीवाले खेळतात. त्यांचं चांगलं आहे. पण आपल्या शाळेत येणारी पुष्कळ मुलं गवंडीकाम करणाऱ्यांची, कंपनीत कंत्राटी कामगार असणाऱ्यांची, सोसायट्यांत रखवालदारी करणाऱ्यांची आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली. टर्फचं भाडं त्यांना परवडत नाही. शाळेचं मैदान अजून शाबूत आहे, हे आपलं मोठं नशीब. त्या मैदानावर एक बॅट आहे, तिला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे. पॅडची एक जोडी आहे, ती मोठ्या मुलांच्या मापाची. मुलींसाठी वेगळं काहीच नाही. क्रीडाशिक्षक टेनिस बॉलवर भागवतात, कारण हेल्मेट नसताना सीझन बॉल टाकायला त्यांचा हात धजत नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. सहीच्या बॅटीच्या पैशात काश्मीर विलोच्या चार चांगल्या बॅटी, दोन मापांचे पॅड आणि ग्लोव्हज, दोन हेल्मेट, गार्ड, स्टंप, चेंडू आणि एक मॅट येते. मी दुकानात जाऊन भाव काढून आणला आहे, कागद खजिनदारांकडे आहे, कुणीही बघावा. सामान निम्मं मुलींसाठी. कुलपात ठेवायचं नाही. मोडलं तर मोडू दे, पुढच्या वर्षी परत वर्गणी काढू.

दुसरी सूचना, पुढच्या हंगामात गहुंज्याला रणजी सामना असेल तेव्हा एक दिवस शाळेच्या मुलांना बसने घेऊन जाऊ. बसचा खर्च मी आणि माझा बाकावरचा भिडू मिळून करतो, त्याला मी अजून विचारलेलं नाही, आत्ताच कळतंय त्याला. प्रत्येक मुलाला शंभर पानी वही आणि पेन द्यायचं. खेळ संपल्यावर कसं उभं राहायचं, कसं मागायचं, ते मी शिकवतो. कुणाला सही मिळेल, कुणाला नाही मिळणार. मिळेल त्याला ती स्वतःच्या नावासकट मिळेल.

आणि आपल्या मित्राची इच्छा, की शाळेत सहीची बॅट असावी, तीही पुरी करू. त्या चारपैकी एका बॅटीच्या मागच्या बाजूला आज इथे बसलेल्या सगळ्या सरांच्या आणि बाईंच्या सह्या घेऊ. याच माणसांनी दर तिमाहीला आपल्या प्रगतिपुस्तकावर सही केली. तेव्हा ती सही बघून आपल्या पोटात गोळा यायचा. मार्कर मी आणलाय, टोपण काढून ठेवतो. ती बॅटही मैदानातच जाईल आणि तिच्यावरच्या सह्याही पुसट होतील. सर, बाई, तुमची याला हरकत नसावी अशी विनंती आहे.

चहानंतर समितीची बैठक आहे. बॅटीच्या बाजूने आणि सामानाच्या बाजूने हात मोजले जातील. ज्यांना अजून ठरवता आलेलं नाही त्यांनी बैठकीच्या आधी पाच मिनिटं मागच्या मैदानावर जाऊन यावं. रविवार आहे, पोरं खेळतायत. चिकटपट्टी लावलेली ती बॅट एकदा हातात घेऊन बघा.